आठ हजारांची केबल घेण्याआधी टिप नीट बसवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी शास्त्रीय गायन शिकतो, पट्टी काळी एक. माझ्याकडे ट्रूथइअर झिरो रेड आणि सेनहायझर आयई २०० असे दोन आयईएम (कानाच्या नळीत घालायचे इअरफोन) आहेत. झिरो रेडवर डग्गा पोकळ वाटतो. आयई २०० वर अभंगातले टाळ कानाला टोचतात आणि डाव्या कानात बास कमी येतो. दुकानदार म्हणतो, चांदीची केबल टाका, आठ हजारांत दोन्ही सुधारतील. घेऊ का? आणि रियाजासाठी दोघांपैकी कोणता ठेवू?"

केबल घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकही केबलने सुटणारी नाही, आणि तिन्हींवरचा इलाज बहुतेक तुमच्या डब्यांतच पडून आहे. हे दोन्ही आयईएम असे आहेत की आवाज बदलण्याची सोय कंपनीनेच सोबत दिलेली असते. एकात ती टिपच्या (कानात जाणाऱ्या रबरी किंवा फोमच्या टोपीच्या) जागेत आहे, दुसऱ्यात एका छोट्या अडॅप्टरमध्ये. त्या दोन्ही गोष्टी समजून घेतल्या की बाजारात 'आवाज सुधारण्यासाठी' म्हणून जे जे विकलं जातं त्यातलं काय खरं आणि किती, हे तुमचं तुम्हाला कळेल.

आधी डाव्या कानाचं बघू. आयई २०० च्या नॉझलवर, म्हणजे आवाज बाहेर येतो त्या नळीवर, टिप बसण्याच्या दोन जागा आहेत. टिप पूर्ण आत ढकलली की नॉझलवरची एक बारीक फट झाकली जाते आणि बास भरतो. टिप बाहेरच्या खाचेवर ठेवली तर ती फट उघडी राहते आणि बास उतरतो. टिप काढून साफ करताना एक बाजू आतल्या खाचेवर आणि दुसरी बाहेरच्या खाचेवर राहणं अगदी सहज होतं, आणि नुसतं बघून ते पटकन लक्षात येत नाही. दोन्ही टिप काढा, नॉझल उजेडात धरा, फट कुठे आहे ते बघून घ्या आणि दोन्ही बाजूंना टिप शेवटपर्यंत ढकला. माझा अंदाज आहे की निम्मा प्रश्न इथेच मिटेल.

मिटला नाही तर पुढची परीक्षा बोटाची. गाणं चालू ठेवून डावा आयईएम बोटाने अगदी हलका आत दाबा. दाबल्यावर बास एकदम भरला आणि सोडल्यावर गेला, तर टिप कानात हवाबंद बसत नाहीये. आयईएममधला इतका छोटा पडदा बास देऊ शकतो तो कानातली जेमतेम दोनेक घन सेंटिमीटर हवा बंदिस्त असते म्हणून. सुईच्या टोकाएवढी फट राहिली तरी साधारण २०० हर्ट्झच्या खालचा आवाज गळायला लागतो, आणि जितकं खाली जाल तितका जास्त. मधले स्वर मात्र जागच्या जागी राहतात. त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की आयईएमच 'पातळ' आहे. स्टेजवर मॉनिटर सांभाळताना "बास वाढवा" अशी मागणी आली की मी फेडरला (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या बटणाला) हात लावण्याआधी कलाकाराचा कान बघतो. बहुतेक वेळा टिप तिरकी बसलेली असते.

दोन्ही कान एका मापाचे नसतात हेही लक्षात ठेवा. डाव्या कानात मोठ्या (एल) आणि उजव्यात मध्यम (एम) मापाची टिप घालणारे कितीतरी लोक आहेत, त्यात काही गैर नाही. टिप घालताना दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. कानाची नळी सरळ होते आणि टिप आपोआप योग्य जागी जाते. फोमची टिप असेल तर ती आधी बोटांत बारीक वळा, आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण घाई केली तर फोम आत फुगण्याऐवजी कानाच्या तोंडाशीच फुगतो.

तुम्ही गाणारे आहात, म्हणून याला आणखी एक पदर आहे. 'आ'कारात तोंड उघडलं की जबडा सरकतो आणि कानाच्या नळीचा आकार बदलतो. गप्प बसून ऐकताना उत्तम बसलेली सिलिकॉनची टिप तान घेताना सैल पडते, बास जातो, आणि गायक नकळत आवाज वाढवत राहतो. म्हणून टिपची निवड तोंड बंद ठेवून करू नका. टिप घाला, तोंड मोठं उघडा, चार स्वर लावा आणि तानपुरा तसाच भरलेला राहतो का बघा. फोम इथे सिलिकॉनपेक्षा सरस ठरतो, कारण नळीचा आकार बदलला तरी तो मागोमाग फुगतो.

कान बंद झाल्यावर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, ही गाणाऱ्यांची नेहमीची अडचण. खर्ज साधना करताना तर ती फार जाणवते. कारण असं की आपल्या आवाजाची कंपनं हाडांतून आणि कूर्चेतून कानाच्या नळीत शिरतात. एरवी ती बाहेर निघून जातात, टिपने तोंड बंद केलं की आत कोंडतात. टिप जितकी खोल, तितका हा घुमारा कमी, कारण नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा आणि आतला हाडाचा असतो आणि घुमारा मुख्यतः बाहेरच्या भागातून येतो. एटिमोटिक कंपनीचा १९९१ सालचा ईआर-४ तीन थरांच्या टिपसह खूप खोल घालायचा असतो. तो आजही काही लोक सोडत नाहीत, त्यामागचं एक कारण हे आहे. मात्र सगळ्यांना तेवढं खोल सोसत नाही. दुखत असेल तर जबरदस्ती करू नका.

आता टाळ. इथे थोडं विज्ञान लागेल, पण ते कामाचं आहे. उघड्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, एका टोकाला कानाचा पडदा आणि दुसरं टोक उघडं. अशी नळी ३ हजार हर्ट्झच्या आसपास घुमते, आणि आपला मेंदू जन्मापासून त्या उठावासकटच आवाज ऐकत आलेला असतो. आयईएम घातला की दुसरं टोकही बंद होतं, तो घुमार नाहीसा होतो. म्हणून चांगल्या आयईएममध्ये ३ हजारांजवळचा उठाव मुद्दाम घातलेला असतो. तो कमी पडला तर गाणारा भिंतीपलीकडे गेल्यासारखा वाटतो, जास्त झाला तर हार्मोनियम किंचाळते. पण दोन्ही टोकं बंद असलेली ही नवी नळी स्वतःही घुमते, फक्त वरच्या पट्टीत. टिपच्या तोंडापासून पडद्यापर्यंत २१ मिलिमीटर अंतर उरलं असेल तर तो घुमार ८ हजार हर्ट्झच्या जवळ येतो. टिप आत सरकून अंतर १५ मिलिमीटर झालं की तोच घुमार ११ हजारांच्या पुढे जातो.

टाळांचा झणत्कार, 'स' आणि 'च'चा सूत्कार, हे सगळं ५ ते १० हजारांच्या पट्ट्यात राहतं. घुमाराचा सुळका नेमका ८ हजारांवर बसला की टाळ टोचणारच. तुमच्या कानात तो कुठे आहे हे शोधता येतं. फोनवर टोन जनरेटरचं एखादं मोफत अॅप घ्या, आवाज अगदी कमी ठेवा आणि ५ हजारांपासून १२ हजारांपर्यंत सूर हळूहळू चढवा. मध्ये एका ठिकाणी तो एकदम कर्कश होईल. तो आकडा लिहून ठेवा. मग टिप थोडी आत ढकला किंवा एक माप लहान टिप घेऊन खोल घाला आणि परत करा. आकडा वर सरकलेला दिसेल. याच कारणाने कोणा परीक्षकाचं 'ट्रेबल तीक्ष्ण आहे' किंवा 'मऊ आहे' हे मत तुमच्या कानाला लागू पडेलच असं नाही. कोणता स्वर किती मोठा येतो हे दाखवणारा त्याचा आलेखही ज्या कृत्रिम कानावर काढलेला असतो, त्याचा स्वतःचा घुमार साधारण ८ हजारांवर येतो. त्याच्या पुढचा आलेख मी फक्त ढोबळ अंदाजासाठी वाचतो.

खोलीने भागलं नाही तर टिपचा प्रकार बदला. फोम वरचे स्वर थोडे शोषून घेतो. आयई २०० सोबत फोमच्याही टिप येतात, तेव्हा हा प्रयोग फुकट आहे. सिलिकॉनमध्ये भोकाची रुंदी बघा. रुंद, आखूड भोक वरचे स्वर मोकळे सोडतं. अरुंद, लांबट भोक ते थोडे दाबतं, मग बास त्या मानाने जास्त वाटतो. अझला, फायनल, स्पिनफिट या टिपवाल्यांमध्ये फरक आहे तो मुख्यतः याचा आणि रबराच्या मऊपणाचा. टिप बदलल्यावर दोन-तीन डेसिबलचा फरक ट्रेबलमध्ये सहज पडतो, आणि तो कोणालाही ऐकू येतो. टिप घेताना नॉझलची जाडी मात्र जुळवून घ्या. शुअर, वेस्टोन, एटिमोटिक यांच्या नळ्या बारीक असतात, त्यांच्या टिप तुमच्या दोन्हींवर चढणार नाहीत.

झिरो रेडचं नॉझल उलट चांगलंच जाड आहे. लहान कानांत ते पुरेसं आत जात नाही आणि कानाच्या तोंडाशीच अडकतं. डग्गा पोकळ वाटण्याचं पहिलं कारण तेच असू शकतं, तेव्हा बोटाची परीक्षा इथेही करा. मऊ आणि एक माप लहान टिप घालून बघा.

पण बसणं ठीक असेल तर डब्यातला छोटा अडॅप्टर काढा. वायरचा तो आखूड तुकडा बहुतेक लोक तसाच ठेवून देतात. त्यात १० ओहमचा रोध आहे. तो मध्ये लावला की झिरो रेडचा बास वाढतो. वाढवणारं काही त्या अडॅप्टरमध्ये नाही. झिरो रेडमध्ये दोन डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे छोटे स्पीकर) आहेत, एक खालच्या स्वरांसाठी आणि एक वरच्यांसाठी, आणि त्यांच्यात स्वर वाटून देणारं सर्किट आहे. त्यामुळे त्याचा रोध सगळ्या स्वरांना सारखा नसतो, खालच्या स्वरांना जास्त असतो. मध्ये १० ओहम आले की जिथे आयईएमचा रोध कमी तिथे जास्त व्होल्टेज अडॅप्टरमध्ये अडकतं, जिथे रोध जास्त तिथे कमी. म्हणजे बास जवळपास तसाच राहतो आणि बाकीचं खाली बसतं. मग तुम्ही व्हॉल्यूम वाढवता आणि बास वाढल्यासारखा ऐकू येतो.

आता तोच अडॅप्टर आयई २०० ला लावा. त्यात एकच ड्रायव्हर आहे आणि रोध सगळीकडे जवळजवळ सारखा, १८ ओहम. आवाज चार डेसिबलच्या आसपास खाली जाईल आणि स्वररंग बदलणार नाही. एवढा एक प्रयोग केलात तर 'अमुक डोंगल उबदार आहे', 'तमुक अँप मोकळा आहे' या वाक्यांमागचं बरंचसं गणित उघड होतं (डोंगल म्हणजे फोनला लावायचं हेडफोनचं छोटं यंत्र, अँप म्हणजे अॅम्प्लिफायर). ज्या आयईएमचा रोध एका स्वराला ८ आणि दुसऱ्याला ४० ओहम आहे, त्याला १० ओहम रोधाच्या आउटपुटवर लावलं (आउटपुटचा रोध अडॅप्टरसारखाच मध्ये येतो) तर त्या दोन स्वरांत पाच डेसिबलचा फरक पडतो. तोच १ ओहमच्या डोंगलवर लावला तर फरक एक डेसिबलच्याही आत येतो. अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (डायनॅमिकहून वेगळ्या जातीचे, फार छोटे) असलेल्या आयईएमना हे फार जाणवतं. शुअरच्या एसई८४६ चा रोध तर ९ ओहमच आहे. म्हणून डोंगल घेताना आउटपुटचा रोध १ ओहमच्या आसपास किंवा खाली आहे ना एवढं बघा आणि पुढे जा. तुमचे दोन्ही आयईएम कोणत्याही साध्या डोंगलवर भरपूर वाजतात, वेगळ्या अँपची गरज नाही.

डब्यावरच्या आकड्यांबाबत एक खबरदारी घ्या. आयई २०० ची संवेदनशीलता (ठरावीक विजेवर तो किती मोठ्याने वाजतो ते) ११९ डेसिबल लिहिलेली असते, ती १ व्होल्टला. दुसऱ्या एखाद्या आयईएमवर १०५ लिहिलेलं असतं, ते बऱ्याचदा १ मिलिवॉटला. १६ ओहमच्या आयईएममध्ये १ व्होल्ट म्हणजे साडेबासष्ट मिलिवॉट, म्हणजे १८ डेसिबलची भर. १०५ चे १२३ झाले. ज्याचा आकडा लहान दिसतो तो प्रत्यक्षात जास्त मोठ्याने वाजतो.

आता केबल. चांदी तांब्यापेक्षा वीज चांगली वाहते हे खरं आहे, पण फरक सहा-सात टक्क्यांचा. सव्वा मीटरच्या केबलचा एकूण रोध एका ओहमच्या काही दशांश एवढा असतो. त्यातून ०.३ ओहम वाचले असं धरलं तरी १८ ओहमच्या आयईएमवर फरक पडतो ०.१४ डेसिबल, तोही सगळ्या स्वरांना सारखाच. टाळ त्याने मऊ होत नाहीत आणि डग्गा भरत नाही. मग दुकानात फरक ऐकू का येतो? नवी केबल बहुधा ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड (दोन्ही कानांना पूर्ण वेगळ्या तारा देणाऱ्या) पिनची असते, आणि त्या पोर्टवर सहसा जवळपास दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे आवाज सहा डेसिबलपर्यंत वर. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. शिवाय केबल बदलताना आयईएम कानातून काढून परत घातलेला असतो, आणि त्यात टिपची खोली बदलते.

केबल बदलायची खरी कारणं वेगळी आहेत: कपड्याला घासून कानात खरखर येणं, कानामागचा वळलेला भाग टोचणं, पिनजवळ तार तुटत आलेली असणं. त्यासाठी हजाराच्या आतली मऊ तांब्याची केबल पुरते. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, जी दुकानदाराने सांगायला हवी होती. झिरो रेडला ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना लागतात आणि आयई २०० ला एमएमसीएक्स नावाचा गोल, दाबून बसणारा कनेक्टर. एकच केबल दोन्हींना बसणारच नाही. त्यातही आयई २०० चं एमएमसीएक्स खोबणीत खोल आहे, बाजारातल्या अनेक एमएमसीएक्स केबल तिथे नीट बसत नाहीत.

दोघांची तुलना करायची ती अशी. आधी दोन्हींचं बसणं पक्कं करा. मग १ हजार हर्ट्झचा सूर लावून दोन्हींचा आवाज कानाने सारखा करा आणि व्हॉल्यूमचे आकडे लिहून ठेवा. झिरो रेड आयई २०० पेक्षा दीडेक डेसिबल हळू वाजतो, आणि अडॅप्टर लावला की पाचाच्याही पुढे मागे पडतो. हे जुळवलं नाही तर अडॅप्टरवाला आवाज तुम्हाला मेलेला वाटेल आणि त्याचा काही दोष नसेल.

ऐकायचं काय, हेही ठरवून घ्या. बास तपासायला तानपुरा लावू नका. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झचा आहे खरा, पण तानपुऱ्याच्या तारेत मूळ स्वर क्षीण आणि त्याच्यासोबत उमटणारे वरचे अंश-स्वर भरघोस असतात. मूळ स्वर आयईएमने गाळला तरी वरच्या स्वरांवरून कान तो स्वतःच उभा करतो, आणि खर्ज ऐकू येतोय असंच वाटत राहतं. बाससाठी डग्ग्याची मींड ऐका. तळहात सरकताना स्वर वर चढतो, तेव्हा त्याचं वजन शेवटपर्यंत राहतं की मध्येच विरतं, ते बघा. तानपुरा वापरा तो जवारीसाठी. त्या झंकारात गंधार स्पष्ट उमलत असेल तर मधले आणि वरचे स्वर ठीक जमले आहेत. टाळांसाठी वारकरी भजनाचं एखादं ध्वनिमुद्रण घ्या, आणि टाळ लागल्यावर शेवटचा ध्वनी पितळेचा येतो की नुसता 'छस्' येतो ते ऐका. प्रत्येक आयईएम पाच-दहा मिनिटं घाला, लगेच बदलू नका. कान आधीच्या रंगाला सरावलेला असतो आणि पहिलं मिनिट तो नव्याला परकाच ठरवतो.

रियाजासाठी मी आयई २०० ठेवीन, फोमच्या टिपसह आणि टिप पूर्ण आत ढकलून. तो लहान आणि हलका आहे, तोंड उघडलं तरी कमी हलतो, तासभर घातला तरी कान दुखत नाहीत. स्वतःचं ध्वनिमुद्रण तपासायचं असेल, श्वास, उच्चार, सुरातली किंचितशी घसरण शोधायची असेल तर झिरो रेड अडॅप्टरशिवाय वापरा. गायकाच्या आवाजाचा पट्टा त्याच्यात जास्त सरळ येतो. मैफलीचं ध्वनिमुद्रण आनंदासाठी ऐकायचं असेल तर त्याला अडॅप्टर लावा. रियाज आणि ऐकणं या सगळ्यासाठी मिळून एकच ठेवायचा असेल आणि जाड नॉझल तुमच्या कानात नीट जात असेल, तर मी झिरो रेड ठेवीन.

एवढं करूनही टाळ टोचले तर फोनवर पॉवरॅम्प इक्वलायझरसारखं अॅप घ्या आणि मघाशी लिहून ठेवलेल्या आकड्यावर, समजा ७८००, अरुंद पट्ट्यात तीन डेसिबल कमी करा. तीनने भागलं नाही तर चार-पाच. अॅपमध्ये घालण्यासाठी मिळणाऱ्या तयार 'करेक्शन' प्रोफाइलमध्ये त्या आकड्यावर जे काही केलेलं असतं ते कृत्रिम कानासाठी असतं, तुमच्या कानासाठी नाही. म्हणून तेवढा भाग स्वतःच्या हाताने बसवा.

आणि रियाजात आवाजाची पातळी जपा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास चालतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला फक्त ५ तास. स्टेजवर एक कान काढून ठेवायची सवय अनेक गायकांना असते. तशाने दुसऱ्या कानात आवाज वाढवला जातो, आणि त्या एका कानाचं नुकसान होतं. दोन्ही घाला, नाहीतर दोन्ही काढा. फोमच्या टिप मात्र घामाने आणि पावसाळी हवेने लवकर कडक होतात. दाबल्यावर फोम हळू न फुगता एकदम उसळला की जोडी बदला, आणि त्याच वेळी नॉझलची जाळी उजेडात बघा. तिच्यावर मळ बसला की त्या बाजूचे वरचे स्वर आधी जातात.